रस्ता रुंद केला तरी कोंडी का फुटत नाही?

२२ गाड्या, २३० मीटर परिघाचा एक गोल रस्ता आणि चालकांना एकच सूचना: ताशी साधारण ३० किलोमीटर वेगाने, पुढच्या गाडीला न धडकता चालवत राहा. जपानमधल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग आहे. त्या रस्त्यावर सिग्नल नव्हता, चौक नव्हता, खड्डा नव्हता, रस्ता ओलांडणारं कुणी नव्हतं. सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं होतं. मग कुणाचा तरी पाय किंचित ब्रेकवर गेला. मागच्याने थोडा जास्त ब्रेक लावला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त. थोड्याच वेळात गोलाच्या एका भागात काही गाड्या चक्क थांबलेल्या होत्या. पुढची गाडी त्या गाठीतून सुटायची, मागून नवी येऊन अडकायची, आणि ती गाठ गाड्यांच्या उलट दिशेने मागे मागे सरकत राहायची.

कोंडीचं कारण शोधताना आपण नेहमी कुणाला तरी धरतो. बेशिस्त रिक्षावाला, बंद पडलेला ट्रक, झोपलेला हवालदार. ही कारणं असतातच. पण त्या गोलावर यातलं काहीच नव्हतं, फक्त जागेच्या मानाने गाड्या जास्त होत्या. तेवढं पुरलं.

आता यातून एक चांगली गोष्टही निघते. रस्त्याला एक उंबरठा असतो. त्याच्या अलीकडे गाड्या वाढल्या तरी वाहतूक वाहती राहते. उंबरठा ओलांडला की वेग कोसळतो, आणि वेग कोसळला की त्याच रस्त्यावरून तासाला पार होणाऱ्या गाड्याही कमी होतात. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते नेमकी तेव्हाच रस्ता सगळ्यात कमी काम करतो. पण हाच हिशेब उलटही चालतो. शाळांना सुट्ट्या लागल्या की रस्ते किती मोकळे वाटतात ते आठवा. सगळ्या गाड्या कुठे गायब झालेल्या नसतात, थोड्याच कमी झालेल्या असतात. कोंडी फोडण्यासाठी शंभरातल्या शंभर गाड्या हटवायला लागत नाहीत. दहा-पंधरा कमी झाल्या तरी उरलेल्या ८५-९० जणांचा जीव मोकळा होतो. धोरणाने गाठायचं आहे ते एवढंच. प्रश्न असा की त्या दहा-पंधरा कोणत्या, आणि एकदा गेलेल्या परत येऊ नयेत यासाठी काय करायचं?

रुंद रस्त्याचं काय होतं

सगळ्यात आधी सुचतो तो उपाय म्हणजे रस्ता रुंद करणं, नाहीतर वरून उड्डाणपूल टाकणं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराने हे अगदी मनापासून केलं. तिथला केटी फ्रीवे २००८ मध्ये रुंद करून झाला. बाजूचे सेवारस्ते धरले तर काही ठिकाणी तो २६ लेनचा आहे. खर्च आला २८० कोटी डॉलर. २०११ ते २०१४ या तीनच वर्षांत त्यावरचा सकाळच्या गर्दीचा प्रवासवेळ सुमारे ३० टक्क्यांनी वाढला आणि संध्याकाळचा सुमारे ५५ टक्क्यांनी.

असं का होतं ते माणसांच्या अंगाने बघूया. रस्ता तुंबलेला असतो तेव्हा कितीतरी लोक आपापली सोय लावून बसलेले असतात. कुणी कोंडी टाळायला पहाटे सहाला निघतो. कुणी नाइलाजाने लोकल पकडतो. कुणी बाजाराची फेरी शनिवारवर ढकलतो. कुणी ऑफिसपासून लांबचं स्वस्त घर रोजच्या प्रवासाच्या भीतीने नाकारतो. रस्ता रुंद झाला की ही सगळी माणसं हळूहळू आपले बेत बदलतात. पहाटेचा माणूस नऊला निघू लागतो. लोकलवाला गाडी काढतो. लांबचं घर विकलं जातं, मग तिथे आणखी घरं बांधली जातात. यातला कुणीही काही चुकीचं करत नाही. पण चार-पाच वर्षांत रस्ता पुन्हा भरतो, आणि आता आधीपेक्षा जास्त लोक जास्त अंतर गाडीने कापत असतात. अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. २०११ मध्ये ड्युरांटन आणि टर्नर या दोन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकी शहरांची आकडेवारी तपासली, तेव्हा शहरातल्या महामार्गांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढते जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी तिथलं वाहन चालवणंही वाढतं, असं त्यांना आढळलं.

रस्ते बांधूच नयेत असं मी म्हणत नाही. वाढत्या शहराला नवे रस्ते लागतात, जोडरस्ते तर लागतातच. पण कोंडी फोडण्याचा उपाय म्हणून रुंदीकरण विकलं जातं, तेव्हा लोकांना न टिकणारी गोष्ट विकली जाते, आणि पैसा त्यांचाच असतो.

उलट दिशेचं उदाहरण दक्षिण कोरियातल्या सोलचं. शहराच्या मधोमध वाहणारा चंगग्येचन नावाचा ओढा बुजवून त्यावर रस्ता आणि त्याच्याही वर उन्नत महामार्ग बांधला होता. दिवसाला लाखाहून जास्त गाड्या तिथून जायच्या. २००३ मध्ये महापौर ली म्युंग-बाक यांनी तो पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तिथे ओढा पुन्हा वाहू लागला. शहर ठप्प होईल ही भीती खरी ठरली नाही. पण नुसता पूल पाडून हे जमलेलं नाही. मधल्या काळात, २००४ च्या जुलैमध्ये सोलने बससेवा मुळापासून बदलली. रस्त्याच्या मध्यभागी बससाठी राखीव मार्गिका आल्या. खासगी बसमालकांना प्रवाशांच्या संख्येऐवजी धावलेल्या किलोमीटरवर पैसे मिळू लागले, त्यामुळे थांब्यावर प्रवासी पळवायची शर्यत थांबली. बस आणि मेट्रोला एकच कार्ड आणि एकच भाडं लागू झालं. एका हाताने काढून घेताना दुसऱ्या हाताने दिलंही जात होतं.

फुकट वस्तूची रांग

कोंडी म्हणजे मुळात काय? कोणतीही वस्तू फुकट वाटायला घेतली आणि ती सगळ्यांना एकाच वेळी हवी असली की रांग लागते. सकाळी नऊ वाजता शहराच्या मध्यावरची रस्त्याची जागा ही तशीच वस्तू आहे. तिची किंमत पैशात घेतली जात नाही म्हणून ती वेळात घेतली जाते. आणि ती सगळ्यांकडूनच घेतली जाते: एकट्याने गाडीतून चाललेल्याकडून, ६० माणसं घेऊन मागे अडकलेल्या बसकडून, रुग्णवाहिकेकडूनही.

अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले विल्यम विकरी १९५० च्या दशकापासून सांगत होते की गर्दीच्या वेळी, गर्दीच्या जागेत येणाऱ्या गाडीकडून शुल्क घ्या आणि गर्दी नसेल तेव्हा घेऊ नका. गाडीत एखादं इलेक्ट्रॉनिक उपकरण बसवून हे करता येईल, इथपर्यंत त्यांनी विचार केला होता. तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही.

मनावर घेतलं सिंगापूरने. जून १९७५ मध्ये तिथे मध्यवर्ती भागात सकाळच्या वेळी शिरायचं तर ३ सिंगापूर डॉलरचा कागदी परवाना काचेवर लावावा लागू लागला. गाडीत चार माणसं असली तर माफी होती. १९९८ मध्ये कागद गेला आणि रस्त्यावरच्या कमानीखालून गाडी गेली की पैसे आपोआप कापले जाऊ लागले. शिवाय १९९० पासून तिथे नवी गाडी घ्यायची तर आधी दहा वर्षांचं हक्कपत्र लिलावात विकत घ्यावं लागतं. हे टोकाचं आहे. छोटं बेट आणि भक्कम सरकार असल्याशिवाय ते झेपेल असं मला वाटत नाही.

लंडनचा धडा जास्त उपयोगी आहे. १७ फेब्रुवारी २००३ रोजी महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी मध्य लंडनसाठी दिवसाला ५ पौंडांचं शुल्क सुरू केलं. पहिल्या वर्षी शुल्काच्या वेळेत आत येणारी चारचाकी वाहनं सुमारे १८ टक्क्यांनी घटली आणि कोंडीतला खोळंबा सुमारे ३० टक्क्यांनी. मग काही वर्षांत खोळंबा बराचसा परत आला. टीकाकार म्हणाले, बघा, फसलं. पण आत येणाऱ्या गाड्यांची संख्या काही पूर्वीसारखी झालेली नव्हती. मोकळी झालेली जागा बसला आणि पादचाऱ्यांना दिली गेली होती, रस्त्यांची खोदकामं वाढली होती, आणि पुढे ॲपवर मिळणाऱ्या खासगी टॅक्सींची संख्या फुगली. या टॅक्सींना शुल्कातून सूट होती. ती काढायला २०१९ उजाडलं. सूट हे धोरणाला पडलेलं भोक असतं. ते लहान असलं तरी पाणी तिथूनच जातं.

गरिबाने काय करायचं?

या शुल्काचं नाव काढलं की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो यायलाच हवा. श्रीमंत पैसे फेकून मोकळ्या रस्त्याने जाईल आणि गरिबाला दार बंद होईल, ही शंका मला कधीच उडवून लावावीशी वाटलेली नाही.

पण आज काय चाललंय ते एकदा बसमध्ये उभं राहून बघायला हवं. सिग्नलला बस थांबलेली असते. दांड्याला लोंबकळलेले हात, मधे दप्तर घेऊन दाबली गेलेली एक शाळकरी मुलगी, दाराच्या पायरीवर तिघं. बाहेर बसच्या लांबीत मावतील एवढ्या तीन गाड्या, तिन्हींमध्ये एकेक माणूस. सिग्नल हिरवा होतो, तिन्ही गाड्या निघतात, बस निम्म्या चौकापर्यंत पोचते तोवर पुन्हा लाल. त्या चौकात बसमधल्या ६० जणांचा आणि गाड्यांमधल्या तिघांचा वेळ एकाच मापाने मोजला जातोय. फुकट रस्ता हा गरिबाच्या बाजूने आहे असं मला त्या बसमध्ये कधीही वाटलं नाही.

तेव्हा खरा प्रश्न असा आहे की शुल्काचा पैसा कुठे जातो. लंडनमध्ये तो वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन घातलं आणि मोठा वाटा बससेवेत गेला. पैसा सरकारी तिजोरीत मिसळून दिसेनासा झाला तर लोक त्याला आणखी एक कर म्हणतील, आणि त्यांचं बरोबरच असेल. अपंगांना सवलत, रात्रपाळीला येणाऱ्यांसाठी कमी दर किंवा शून्य दर, हे मूळ नियमातच बसवता येतं. आणि ज्या शहरात बसच धड नाही तिथे आधी शुल्क लावणं हा मला सरळ सरळ अन्याय वाटतो.

बसला वाट

बस वाईट का होते, याचं एक चक्र आहे. कोंडी वाढली की बसची फेरी लांबते. ४० मिनिटांची फेरी ८० मिनिटांची झाली की तेवढ्याच बस आणि तेवढ्याच चालक-वाहकांत निम्म्या फेऱ्या होतात. फेऱ्या कमी झाल्या की थांब्यावरची वाट लांबते, लोक दुचाकी किंवा गाडी घेतात, त्याने कोंडी आणखी वाढते. बस कंपनी तोट्यात जाते आणि उरलेल्या फेऱ्याही छाटते.

राखीव मार्गिका हे चक्र उलटं फिरवते, तेही जवळजवळ फुकटात, कारण त्याच बस जास्त फेऱ्या मारतात. एका साध्या लेनमधून खासगी गाड्यांनी तासाला साधारण हजार ते दीड हजार माणसं जातात. त्याच लेनमध्ये फक्त बस सोडल्या आणि त्या पाठोपाठ येत राहिल्या तर चार ते आठ हजार. ब्राझीलमधल्या कुरितिबाने हे १९७४ पासून केलं. कोलंबियाच्या बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये ट्रान्समिलेनियो ही बससेवा सुरू करताना मुख्य मार्गांवर दोन-दोन बसलेन ठेवल्या, म्हणजे जलद बसला थांबलेल्या बसच्या पुढे जाता येईल. गर्दीच्या तासाला एका दिशेने ४० हजारांच्या घरात माणसं तिने नेली आहेत. हा मेट्रोचा आकडा झाला.

पण मार्गिका म्हणजे नुसता रंगाचा पट्टा नव्हे. तिच्यात गाडी घुसली तर दंड व्हायला हवा, आणि तो दर वेळी व्हायला हवा. पट्टा रंगवून राखण न करणारी शहरं सहा महिन्यांनी 'आमच्याकडे हे चालत नाही' असं म्हणतात, तेव्हा वाईट वाटतं. तिथे ते कधी चाललेलंच नसतं.

फेऱ्यांबद्दल एवढंच: २० मिनिटांनी येणाऱ्या बससाठी माणूस वेळापत्रक बघतो, पाच मिनिटांनी येणाऱ्या बससाठी नुसता थांब्यावर जातो. बसचं तिकीट शून्य करण्यापेक्षा हे जास्त परिणाम करतं. एस्टोनियाच्या टॅलिनने २०१३ मध्ये रहिवाशांसाठी सार्वजनिक वाहतूक मोफत केली. प्रवासी वाढले, पण त्यांत आधी पायी चालणारे पुष्कळ होते. मोफत प्रवास हा गरिबाला आधार म्हणून चांगलाच आहे. गाडीवाल्याला मात्र तिकिटाच्या पैशाने अडवलेलं नसतं, त्याला थांब्यावरच्या वाट बघण्याने अडवलेलं असतं.

उभी गाडी

खासगी गाडी दिवसातला बहुतेक वेळ उभीच असते. एका गाडीला उभं राहायला सुमारे १२ चौरस मीटर जागा लागते, आत-बाहेर करायची वाट धरली तर २५ ते ३०. एवढ्यात एका कुटुंबाची खोली होते. तरीही जगभरच्या शहरांनी दशकानुदशकं नियम करून इमारतींना पार्किंग बांधायला लावलं. त्याचा खर्च घराच्या किमतीत मिसळला आणि गाडी नसलेल्यानेही तो भरला. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर यावर काम केलं. रस्त्यावरचं पार्किंग स्वस्त किंवा फुकट असलं की लोक जागा शोधत गोल गोल फिरतात. लॉस एंजेलिसच्या एका १५ ब्लॉकच्या व्यापारी भागात नुसत्या या शोधाशोधीत वर्षाला सुमारे साडेनऊ लाख मैल गाड्या फिरतात, असा त्यांचा हिशेब होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: दर असा ठेवा की प्रत्येक गल्लीत एक-दोन जागा रिकाम्या राहतील, आणि आलेला पैसा त्याच गल्लीच्या फुटपाथवर, दिव्यांवर, झाडांवर लावा.

जपानमध्ये १९६२ च्या कायद्याने गाडी घेताना स्वतःच्या जागेचा दाखला द्यावा लागतो. मेक्सिको सिटीने २०१७ मध्ये 'किमान इतकं पार्किंग बांधा' हा नियम उलटवून 'कमाल इतकंच बांधा' असा केला. माझ्या मते सगळ्या उपायांत हा सगळ्यात कमी गाजणारा आणि सगळ्यात आधी हातात घ्यावा असा आहे. त्याला ना कॅमेरे लागतात, ना कमानी.

याच मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये एक उलटा पडलेला प्रयोगही केला होता. नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातला एक दिवस गाडी बंद. लोकांनी दुसऱ्या आकड्याची दुसरी गाडी घेतली, बऱ्याचदा जुनी आणि जास्त धूर सोडणारी. थोड्या दिवसांसाठी, हवा फारच बिघडली असताना असे निर्बंध ठीक. कायमचे लावले की माणूस वाट काढतो.

बेल्जियमच्या गेंट शहराने २०१७ मध्ये पैशाचा विषयच काढला नाही. मध्यभागी चालणाऱ्यांचा मोठा भाग, भोवती सहा विभाग, आणि गाडीने एका विभागातून शेजारच्या विभागात थेट जायला बंदी. आधी बाहेरच्या वळणरस्त्यावर यायचं, मग आत शिरायचं. सायकल, बस आणि पायी चालणाऱ्याला मात्र सरळ वाट खुली. कुठेही गाडीने पोचता येतंच, फक्त जवळचा रस्ता आता सायकलचा आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने अशीच रचना १९७७ मध्ये केली होती.

आधी मत की आधी अनुभव

फेब्रुवारी २००५ मध्ये एडिनबरा शहराने गर्दी-शुल्काची योजना मतदानाला टाकली. साधारण चारातल्या तिघांनी नाही म्हटलं आणि योजना तिथेच संपली. न्यूयॉर्कचं शुल्क जून २०२४ च्या अखेरीस सुरू व्हायचं होतं. कॅमेरे बसले होते. जेमतेम २५ दिवस आधी गव्हर्नरांनी ते थांबवलं. शेवटी ५ जानेवारी २०२५ ला ते सुरू झालं, १५ डॉलरऐवजी ९ डॉलरने.

स्टॉकहोमने क्रम बदलला. तिथेही बहुसंख्य लोक विरोधातच होते. ऑगस्ट २००५ मध्ये आधी जादा बस रस्त्यावर आल्या. ३ जानेवारी २००६ पासून सात महिन्यांसाठी शुल्क सुरू झालं, वेळेनुसार १० ते २० स्वीडिश क्रोना. शहराच्या वेशीवरची वाहतूक सुमारे २० टक्क्यांनी घटली. ३१ जुलैला प्रयोग ठरल्याप्रमाणे बंद केला आणि रस्ते पुन्हा भरू लागले. दोन्ही चित्रं डोळ्यांसमोर ताजी असताना सप्टेंबरमध्ये मतदान झालं, आणि निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी हो म्हटलं. ऑगस्ट २००७ मध्ये शुल्क कायमचं झालं, वाहतूक पुन्हा घटली आणि घटलेलीच राहिली. काही वर्षांनी पाहणीत पाठिंबा दोन तृतीयांशांच्या वर गेला होता. 'तुम्ही गाडी वापरणं कमी केलंत का?' असं विचारल्यावर मात्र बऱ्याच जणांना आपण काही बदललंय हे आठवतही नव्हतं.